मस्करी, मुखवटा आणि भूत

स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची 'इट' ही कादंबरी १९८६ साली आली. गावाखालच्या गटारांत राहणारं आणि लहान मुलांना धरून खाणारं एक अक्राळविक्राळ काहीतरी तिच्यात आहे. त्याला कुठलंही रूप घेता येतं. पण पोरांना जवळ बोलावायचं असलं की ते विदूषक होऊन येतं, हातात फुगे धरून. १९९०मध्ये तिच्यावर दूरचित्रवाणी मालिका निघाली, २०१७मध्ये चित्रपट आला, आणि पेनीवाइज हे त्या विदूषकाचं नाव किंगची एक ओळही न वाचलेल्या आपल्याकडच्या पोरांच्या तोंडी बसलं. तेव्हापासून एक तक्रार ऐकू येते, मुख्यतः पोटासाठी तोंडाला रंग फासणाऱ्या पाश्चात्त्य कलावंतांची: विदूषक बिचारा मुलांना हसवून चार पैसे मिळवत होता, भयकथावाल्यांनी त्याला नासवला.

ही तक्रार अर्धी खरी आहे, असं माझं मत. भयकथांनी विदूषकाच्या भीतीला हातभार लावला, हे कोण नाकारील? पण ती भीती त्यांनी जन्माला घातलेली नाही. निरनिराळ्या भाषांनी हसवणाऱ्याला जी नावं दिली, त्यांतल्या काहींच्या पोटात भूत आधीपासूनच बसलेलं आहे. काहींच्या म्हणतो, सगळ्यांच्या नव्हे. व्युत्पत्तीच्या नादात जिथंतिथं भूत दिसायला लागलं की ओळखावं, झपाटलेले आपणच आहोत.

म्हणून सुरुवात भूत नसलेल्या शब्दांपासून करू. इंग्रजीतला 'क्लाऊन' हा त्यातला पहिला. तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ हसवणारा असा नव्हताच. गावंढळ, बेंगरूळ, रीतभात न कळणारा खेडवळ असा होता. त्याचं मूळ पक्कं ठरलेलं नाही. आइसलँडिक आणि उत्तर फ्रिजियन भाषांत धांदरट माणसाला वापरतात ते शब्द त्याच्या जवळचे वाटतात, आणि सगळ्यांच्या तळाशी 'ढेकूळ' असा अर्थ असावा असा तर्क आहे. जुन्या कोशकारांनी त्याला शेतकरी या अर्थाच्या 'कोलोनस' या लॅटिन शब्दाशी जोडून पाहिलं होतं. आता तो संबंध सहसा कोणी मानत नाही. शहरातल्या नाटकमंडळ्यांनी खेड्यातल्या माणसाला रंगमंचावर उभं करून त्याला हसायला सुरुवात केली आणि शब्दाचा अर्थ सरकला, एवढीच ती कथा. आपल्या तमाशातला सोंगाड्या पुष्कळदा याच कुळीचा असतो; दादा कोंडक्यांनी 'सोंगाड्या' या १९७१च्या चित्रपटात रंगवलेला भोळसट नाम्याही त्यातलाच.

बाकीचे सोयरेही असेच निरुपद्रवी. 'फूल' म्हणजे मूर्ख हा शब्द लोहाराच्या भात्याला लॅटिनमध्ये जे नाव होतं त्यावरून आला. डोक्यात नुसता वारा. 'बफून' हा गाल फुगवण्याच्या इटालियन क्रियापदावरून आला, म्हणजे इथंही वाराच. 'पाल्याचो' हा इटालियन विदूषक 'पाल्या' म्हणजे गवताच्या पेंढ्यावरून. गादीच्या खोळीसारखा ढगळ अंगरखा घातलेला तो, जणू आत पेंढाच भरलाय. लिओनकाव्हालोची १८९२ची प्रसिद्ध संगीतिका त्याच्याच नावाची आहे, आणि तिच्यात तो भर खेळात बायकोचा खून करतो. पण तो दोष शब्दाचा नव्हे. 'झॅनी' तर निव्वळ जोव्हान्नी या नावाचं उत्तर इटलीतलं बोलीरूप. आपण कुठल्याही नोकराला गण्या म्हणावं तसं.

वारा, पेंढा, ढेकूळ आणि गण्या. घाबरण्याजोगं यात काही नाही.

आता हार्लेक्विन. रंगीत शंकरपाळ्यांच्या ठिगळांचा घट्ट पोशाख, काळा मुखवटा, हातात आवाज करणारी चपटी काठी. पत्त्यांच्या जोडातल्या जोकरच्या चित्रांवर याची छाया आहे. हा विनोदी नोकर 'कॉमेदिया देल्लार्ते' या मुखवट्यांच्या इटालियन नाट्यप्रकारातला, पण नाव त्याचं इटालियन नाही. ते कुठून आलं हे पाहायला बाराव्या शतकातल्या एका मठात जावं लागतं. ऑर्डरिक व्हिटालिस हा इंग्लंडात जन्मलेला भिक्षू नॉर्मंडीतल्या मठात बसून इतिहास लिहीत होता. त्यात त्यानं वाल्केलिन नावाच्या एका पाद्र्याची हकिगत नोंदवली आहे. १०९१च्या जानेवारीतली पहिली रात्र. पाद्री आजाऱ्याला भेटून एकटाच परतत होता. लांबून सैन्य चालून येतंय असा गलबला ऐकू आला. लपायला जागा शोधतोय तोवर हातात सोटा घेतलेल्या एका धिप्पाड माणसानं त्याला दरडावून जागीच उभं केलं, आणि मग त्याच्या समोरून मेलेल्यांची मिरवणूक गेली. ओझ्यांखाली वाकलेले पायी चालणारे लोक, तापलेल्या खिळ्यांच्या खोगिरांवर बसलेल्या बायका, काळवंडलेले पाद्री आणि मठाधिपती, शेवटी काळ्या घोड्यांवरचे आगीत वेढलेले स्वार. कितीतरी चेहरे त्याच्या ओळखीचे, नुकतेच वारलेले. तेव्हा त्याला कळलं, की लोक ज्याबद्दल बोलतात आणि आपण ज्याला हसत आलो, तो हेर्लेकिनचा लवाजमा हाच.

ज्या मराठी माणसानं लहानपणी कोकणात अमावास्येच्या रात्री निघणाऱ्या वेताळाच्या पालखीच्या गोष्टी ऐकल्या असतील, त्याला हे दृश्य समजावून सांगायची गरज नाही. मशाली, भुतांचा परिवार, वाटेत सापडलेला एकटादुकटा माणूस, सगळं तेच. फरक इतकाच, की आपला वेताळ वेताळच राहिला. फ्रान्समधल्या या भुतांच्या नायकाला पुढं नाटकात काम मिळालं.

ते कसं, याच्या पायऱ्या दिसतात. तेराव्या शतकात अरास गावच्या आदाम द ला आल यानं लिहिलेल्या एका प्रहसनात हेलेकिनचा दूत रंगमंचावर येतो, आणि तो हास्यकारक आहे. इटालियन कवी दांतेच्या नरकात पापी लोकांना उकळत्या डांबरात बुडवून ठेवणारं जे सैतानांचं पथक आहे, त्यातल्या एकाचं नाव अलिकीनो. हे पथकच मुळी विदूषकी आहे. अलिकीनो आणि त्याचा जोडीदार शेवटी एकमेकांशी भांडत त्याच डांबरात पडतात. मग १५८०च्या दशकात मांतुआकडचा त्रिस्तानो मार्तिनेल्ली हा नट पॅरिसात गेला आणि तिथल्या प्रेक्षकांच्या ओळखीचं हे सैतानी नाव त्यानं आपल्या नोकराच्या सोंगाला लावलं. १५८५ साली पॅरिसात छापलेल्या एका चोपड्यात हा हार्लेक्विन सरळ नरकात जाऊन येतो. त्याच्या काळ्या मुखवट्याच्या कपाळावर एक टेंगूळ असे. ते झडलेल्या शिंगाचं खोड आहे असं पुष्कळजण सांगतात. मला ते फार सोयीचं वाटतं. पण नावाची वंशावळ मात्र टेंगळाच्या आधारावर उभी नाही, ती कागदोपत्री आहे. खुद्द 'हेलेकिन' शब्दाचं मूळ काय यावर अजून वाद आहे. तो भुतांच्या टोळीचा म्होरक्या होता, यावर नाही.

तर एका हसवणाऱ्याचं भूतपण सिद्ध झालं. याहून गुंतागुंतीचं प्रकरण त्याच्या मुखवट्याचं आहे, आणि त्यात आपली मराठीही सापडते.

'मस्करी' हा शब्द आपण इतका घरगुती केलाय, की तो परका आहे हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. थट्टामस्करी, मस्कऱ्या स्वभाव, मस्करीची कुस्करी. हा शब्द अरबी. 'सख़िर' म्हणजे थट्टा करणे, टर उडवणे. त्यावरून 'मस्ख़रा', म्हणजे ज्याची टर उडवतात तो किंवा जो टर उडवतो तो. फारसीतून तो आपल्याकडे आला, हिंदीत मसखरा झाला, मराठीत मस्करी. (संस्कृतातही 'मस्करिन्' आहे, पण तो वेगळा: हातात वेळूची काठी घेऊन हिंडणारा परिव्राजक. पाणिनीनं त्याला सूत्रात जागा दिली आहे. आपल्या मस्करीशी त्याचं काही नातं नाही, कितीही मोह झाला तरी.)

हाच 'मस्ख़रा' पश्चिमेकडं गेला आणि त्यातून इटालियन 'मास्केरा' म्हणजे मुखवटा हा शब्द झाला, असं काही विद्वान मानतात. मग फ्रेंच 'मास्क', इंग्रजी 'मास्क', पापण्यांना लावायचा 'मस्कारा' ही सगळी मस्करीची नातवंडं ठरतात. करोनाच्या काळात आपण नाकातोंडावर बांधला तो मास्क मस्करीचा भाऊबंद निघावा, हे मला तरी आवडलं असतं. पण दुसरा पक्ष आहे, आणि तो दुबळा नाही. ६४३ साली लोम्बार्ड राजा रोथारी यानं लॅटिनमध्ये कायदेसंहिता लिहवून घेतली. तीत चेटकिणीला 'मास्का' असा शब्द येतो. कोणत्याही अरबी शब्दानं इटलीत पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी. या पक्षाच्या मते मुखवट्याचा शब्द या चेटकिणीपासून, भुताटकीपासून आला, विदूषकापासून नव्हे. काहीजण दोन्ही मान्य करतात: चेटकीण आधीपासून घरात होती, अरबी मस्कऱ्या नंतर आला आणि दोघांचा एका शब्दात संसार झाला.

मी निकाल देणार नाही. मला रस आहे तो खटल्यात. एका शब्दावर हक्क सांगायला दोन मोठे दावेदार उभे राहतात, एक चेटकीण आणि एक विदूषक, आणि दोन्ही बाजू गंभीर माणसांना पटण्यासारख्या वाटतात. मुखवट्याच्या आत यांपैकी कोण आहे हे बाहेरून सांगता येत नाही. भयकथेला याहून जास्त काय हवं असतं?

लॅटिनमध्ये तर खटल्याचीही गरज पडली नाही. तिथं 'लार्वा' हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालत असे: पिशाच्च, आणि मुखवटा. पुढं लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञानं किड्यांच्या बाल्यावस्थेला तोच शब्द दिला, कारण त्या अवस्थेत खरा कीटक मुखवट्याआड असतो. पावसाळ्यात नगरपालिकेची माणसं टाकीत डोकावून डासांच्या 'लार्व्हा' सापडल्या म्हणून दंडाची पावती फाडतात, ती मूळची रोमन भुतं.

एवढी युरोपची यात्रा झाल्यावर आपल्या विदूषकाकडं येऊ. हा शब्द फोडला तर आत 'दुष्' धातू निघतो: बिघडवणे, नासवणे, दोष देणे. दोष, दूषण, दूषित हे त्याचे भाऊ, आणि 'प्रदूषण' सख्खा चुलतभाऊ. म्हणजे विदूषक हा मुळात हसवणारा नसून नासवणारा, नावं ठेवणारा. केरळच्या कूडियाट्टम या संस्कृत नाट्यप्रकारातला विदूषक हे काम आजही करतो. बाकीची पात्रं संस्कृतात अडकलेली असताना तो मल्याळममध्ये बोलत सुटतो आणि समोरच्या बड्या धेंडांनाही सोडत नाही.

पण नुसत्या जिभेचा प्रश्न असता तर इथं त्याचा उल्लेख केला नसता. त्याचं शरीर पाहा. नाट्यशास्त्र सांगतं, की विदूषक बुटका असावा, कुबडा असावा, दात पुढं आलेले, तोंड वेडंवाकडं, टक्कल पडलेलं, डोळे पिंगट. हसण्यासाठी एवढं व्यंग कशाला, असं आपल्याला वाटतं. डच पंडित एफ. बी. जे. कायपर यांना यातून दुसरंच कोणीतरी आठवलं. अश्वमेधाच्या शेवटी अवभृथस्नान असतं. शतपथ ब्राह्मणात सांगितलं आहे, की त्या वेळी एका माणसाच्या डोक्यावर शेवटची आहुती द्यायची, आणि तो माणूस कसा हवा तर अंगावर पांढरे डाग असलेला, टकला, दात पुढं आलेला, पिंगट डोळ्यांचा. त्याला 'जुंबक' म्हणत. जुंबक म्हणजे वरुण. ज्याच्या पाशांना सगळे भितात त्या वरुणापासून यजमानाची सुटका व्हावी, म्हणून ही आहुती. कायपर यांनी १९७९च्या 'वरुण अँड विदूषक' या ग्रंथात ही दोन चित्रं शेजारी ठेवली आणि म्हटलं, की नाटकातला विदूषक हा या वरुणाच्या प्रतिनिधीचा वारस आहे. नाटकात कोणी कोणाचं रक्षण करावं याची नाट्यशास्त्रात वाटणी आहे: नायकाला इंद्र, नायिकेला सरस्वती, आणि विदूषकाला थेट ओंकार. इतक्या क्षुद्र पात्राला इतकं मोठं कवच का, याचंही उत्तर त्यांना यातच सापडलं.

कायपर यांचं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही, आणि मलाही सगळं पटत नाही. टक्कल आणि पुढं आलेले दात ही काही एका घराण्याची मिरास नव्हे. पण एक गोष्ट खटकत राहते. संस्कृत नाटक पुढं सरकलं तसा विदूषक कमालीचा भित्रा झाला. 'मृच्छकटिक'च्या पहिल्याच अंकात चारुदत्त विदूषक मैत्रेयाला चव्हाट्यावर बळी ठेवून यायला सांगतो, तर अंधारात एकटं जायला त्याचे पाय उचलत नाहीत. दिवा आणि दासी सोबत लागते. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात इंद्राचा सारथी मातली अदृश्य राहून विदूषक माढव्याला गच्चीवर पकडून बुकलतो, आणि उसासारखी आपली मान मोडतायत म्हणून तो केकाटतो. एकीकडं रात्रीच्या रस्त्यावरच्या माणसांची भीती आहे, दुसरीकडं न दिसणाऱ्या भुताची; दोन्ही प्रसंगी ती विदूषकाला आहे, आणि आपण हसतोय. भीतीचं पात्रच भित्रं करून टाकलं की प्रेक्षक निर्धास्त होतो. हा बदल कोणी ठरवून केला असेल असं नव्हे, पण झाला खरा.

आणि जिथं तो झाला नाही, अशी एक जागा आपल्याकडं अजून आहे. कोकणातला संकासूर.

सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या उत्तर भागात दशावतारी खेळाच्या सुरुवातीला गणपती येतो, शारदा येते, ब्रह्मदेव येतो, आणि मग काळ्या पोशाखातला, तोंड काळ्या मुखवट्यानं झाकलेला संकासूर. कथेत तो वेद पळवणारा दैत्य, विष्णूच्या हातून मरणारा शंखासुर. पण रंगमंचावर तो बोलतो अस्सल मालवणी. भटजीची फिरकी घेतो, गावातल्या भानगडी उकरतो, प्रेक्षकांतल्या ओळखीच्या माणसाला टोमणा मारतो. मोठी माणसं पोट धरून हसतात, आणि त्याच वेळी लहान मूल आईच्या पदराखाली शिरतं. रत्नागिरीकडं शिमग्यात हाच संकासूर उंच टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं बांधून खेळ्यांबरोबर दारोदार येतो, पोरांच्या मागं लागतो; पोरं किंचाळत पळतात आणि कोपऱ्यावर थांबून पुन्हा त्याला चिडवतात. घुंगरांचा आवाज लांबून येतो तेव्हाची पोटातली कालवाकालव ज्यानं अनुभवली, त्याला पेनीवाइज नवा वाटायचं कारण नाही.

संकासुराला राक्षस म्हणायचं की विदूषक? कोकणातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, आणि तेच मला महत्त्वाचं वाटतं. तिथं दोन कामांसाठी दोन माणसं नेमलेली नाहीत. १८४३मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं आणि त्यांच्या नाटकांनी विदूषक एकीकडं, आरडाओरडा करणारी राक्षसमंडळी दुसरीकडं, अशी वाटणी रूढ केली. तरीही तिथला विदूषक आला तो वनचराच्या वेशात, झाडपाला बांधून नाचत. जंगल त्याच्या अंगावरून पुरतं उतरलेलं नव्हतं.

मग 'मुलांचा लाडका विदूषक' हा प्राणी आला कुठून? तो फार जुना नाही. लंडनच्या जोसेफ ग्रिमाल्डीनं (१७७८ ते १८३७) चेहरा पांढराफेक करून गालांवर लाल खुणा काढल्या, आणि आज आपण विदूषक म्हणताच डोळ्यांसमोर येतो तो चेहरा तयार झाला. हार्लेक्विन मागं पडला, क्लाऊन पुढं आला. सर्कशीनं तो जगभर नेला. विष्णुपंत छत्रे यांनी १८८०मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस सुरू केल्यावर तो आपल्याकडंही 'जोकर' म्हणून स्थिरावला. अमेरिकेत बोझो हा विदूषक आणि मॅक्डोनाल्ड्सच्या जाहिरातींतला १९६३चा रोनाल्ड मॅक्डोनाल्ड यांनी त्याला मुलांच्या वाढदिवसाच्या केकशी बांधून टाकलं.

पण रंगाला तडे तेव्हाच गेले होते. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये, १८३६ साली, एक दारुडा मूकनाट्यनट मरायला टेकलेला आहे. खेळाच्या वेशात, तोंडावर पांढरा रंग, आणि ते वर्णन वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्याच डिकन्सनं दोन वर्षांनी ग्रिमाल्डीच्या आठवणी संपादित केल्या. त्याच १८३६ साली पॅरिसमध्ये पिएरो या पांढऱ्या तोंडाच्या विदूषकाचं काम गाजवणाऱ्या देबुरो या नटानं रस्त्यात चिडवणाऱ्या एका मुलाला हातातली काठी मारली आणि तो मुलगा मेला. न्यायालयानं देबुरोला सोडलं, लोकांनी ती गोष्ट सोडली नाही. विसाव्या शतकात जॉन वेन गेसी. शिकागोजवळचा हा माणूस विदूषक होऊन मुलांच्या कार्यक्रमांना जायचा. १९८०मध्ये तो ३३ खुनांत दोषी ठरला. वृत्तपत्रांनी त्याला खुनी विदूषक हे नाव चिकटवलं, आणि सहा वर्षांनी 'इट' आली.

'जोकर'ची गोष्ट याहून हलकीफुलकी. पत्त्यांतला जोकर हा अमेरिकन, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर युकर नावाच्या खेळासाठी जोडात घातलेला. कुठल्याही रंगाचा नाही आणि कुठल्याही पानाची जागा घेतो. रमी खेळणाऱ्याला हा गुण वरदान वाटतो, पण माणसाच्या बाबतीत हाच गुण धडकी भरवणारा. १९४०मध्ये बॅटमनच्या चित्रकथेत जो जोकर आला, त्याचा चेहरा 'द मॅन हू लाफ्स' या १९२८च्या मूकपटातल्या कॉनराड व्हाइटवरून सुचला. तो मूकपट व्हिक्टर ह्यूगोच्या १८६९च्या कादंबरीवरचा. तिच्या नायकाचं तोंड लहानपणीच कापून कायमचं हसरं केलेलं असतं. तो सज्जन आहे, दुःखी आहे, आणि लोक त्याला पाहून हसतात. जोकरनं त्याच्याकडून फक्त तोंड घेतलं.

भीतीचं मर्म या तोंडात असावं. मराठीनं याची नोंद फार पूर्वी करून ठेवली आहे. दात काढणे म्हणजे हसणे, आणि दात खाणे म्हणजे चिडणे. दात विचकणे हे तर माणूसही करतो आणि माकडही, आणि ते हसू आहे की धमकी हे बाकीचा चेहरा पाहिल्याशिवाय कळत नाही. विदूषकाच्या बाबतीत बाकीचा चेहरा रंगाखाली असतो. अमेरिकेतल्या नॉक्स कॉलेजच्या फ्रँक मॅकअँड्र्यू आणि सारा कोन्के यांनी २०१६मध्ये १,३४१ लोकांना विचारलं, की कोणत्या धंद्यातली माणसं पाहून अंगावर शहारा येतो. पहिला क्रमांक विदूषकांचा लागला. दुसरा, मेलेल्या जनावरांत पेंढा भरणाऱ्यांचा. पाल्याचो इथंही शेजारीच निघाला. धोका आहे की नाही हेच ठरवता येत नाही तेव्हा असा शहारा येतो, असं त्यांचं म्हणणं. २०२३मध्ये वेल्समधल्या संशोधकांनी विदूषकाला भिणाऱ्यांकडूनच कारणं मागवली. रंगामुळं भाव वाचता येत नाहीत हे कारण वर आलं, पुस्तकं-चित्रपटांचा वाटाही ठळक निघाला, आणि विदूषकाचा प्रत्यक्ष वाईट अनुभव हे कारण सगळ्यांत मागं राहिलं. तक्रार अर्धी खरी, ती या हिशोबानं.

या भीतीला इंग्रजीत 'कुल्रोफोबिया' असा भारदस्त शब्द गेल्या तीस-चाळीस वर्षांत चालू झाला आहे. त्याच्या ग्रीक वेशावर जाऊ नका. प्राचीन ग्रीकांकडं सर्कशीतला विदूषक नव्हता, म्हणून शब्दही नव्हता. पायांना उंच काठ्या बांधून चालणाऱ्याचा शब्द कोणीतरी ओढून आणला आणि त्याचीही वाटेत मोडतोड झाली, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. मनोविकारांच्या अधिकृत अमेरिकन यादीत हा वेगळा विकार म्हणून नाही. आता त्याच्यावरून मराठीत 'विदूषकभयगंड' घडवायचा उत्साह काहींना येईल. तो आवरावा. 'जोकरची भीती वाटते' हे पुरेसं मराठी आहे आणि डॉक्टरलाही समजतं.

त्यापेक्षा दुसरं काम पडून आहे. शिमग्याची, बोहाड्याची, जत्रांची सोंगं गावागणिक वेगळी असतात, आणि प्रत्येकाला नाव असतं: सोंगाला, मुखवट्याला, हातातल्या काठीला, पोरांना भिवण्यासाठी काढलेल्या आवाजाला. यातले सगळे शब्द कोशांत सापडत नाहीत. ज्यांच्या गावात हे अजून चालतं, त्यांनी यंदाच्या शिमग्यात नुसते फोटो न काढता सोंग घेणाऱ्याला विचारून ती नावं लिहून घ्यावीत.